कागद कोणाचा?

माझ्या कपाटात एक चित्र आहे. गेली वीसेक वर्षे ते तिथेच आहे. मागच्या बाजूला एका मुलीचे नाव, इयत्ता सातवी, तुकडी आणि हजेरी क्रमांक लिहिलेला आहे. पुढच्या बाजूला आठवडी बाजाराचे दृश्य आहे आणि कोपऱ्यात एका स्पर्धेच्या दुसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. हे चित्र त्या मुलीच्या घरी असायला हवे होते. तिने ते नेले नाही. का नेले नाही, ते आधी सांगतो. कारण त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो मला उरलेली सगळी नोकरी पुरला.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चित्रकलेचा शिक्षक होतो. पाचवी ते दहावीचे वर्ग माझ्याकडे असत. पण चित्रकलेच्या शिक्षकाचा खरा कस लागतो तो सहावी ते आठवीत, म्हणजे अकरा ते चौदा या वयात. त्याआधीची मुले मागचापुढचा विचार न करता काढत सुटतात. त्यानंतरच्या बहुतेकांनी काढणे सोडून दिलेले असते. सोडण्याचा निर्णय या तीन वर्षांत होतो. तो होताना शेजारी बहुधा चित्रकलेचा शिक्षकच उभा असतो.

ती मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. तिची आई बाजारात भाजी घेऊन बसायची. स्पर्धेसाठी मी ‘आठवडी बाजार’ हा विषय दिला, तेव्हा तिने काढलेल्या चित्रात जवळजवळ निम्मा कागद तागडीच्या एका पारड्याने व्यापला होता. पारड्यात वांगी होती. कडेला बांगड्या भरलेला एक हात होता. पलीकडे गिऱ्हाइके उभी होती, पण त्यांना डोकी नव्हती. निऱ्या, धोतराचे सोगे, पिशव्या आणि चपला, एवढेच. मला वाटले, जागेचा अंदाज चुकला. पारडे मोठे झाले आणि माणसांना वर जागाच उरली नाही. या वयातली ही नेहमीची चूक. चित्रे पाठवायला दोन दिवस उरले होते. मी तिच्या शेजारी बाकावर बसलो, खोडरबर घेतले आणि पारडे पुसले. प्रमाणात बसेल असे लहान पारडे काढून दिले. मग आई बसलेली दाखवली, गिऱ्हाइकांना डोकी दिली, मागे एक पाल उभारली, एक झाड काढले. ‘आता रंगव’ म्हणालो. तिने रंगवले. कुठे कोणता रंग, तेही मीच सांगितले.

चित्राला दुसरा क्रमांक मिळाला. प्रार्थनेच्या वेळी तिचे नाव पुकारले, प्रमाणपत्र आणि रंगपेटी दिली. ती दोन्ही तिने घेतली. काही दिवसांनी चित्र परत आले आणि मी ते तिला द्यायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, “सर, ते तुमचं हाय. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.” आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आली की आपण जसे सांगतो, तसे तिने सांगितले.

चारपाच महिन्यांनी मी बाजारात टोमॅटो निवडायला उकिडवा बसलो होतो. शेजारच्या बाईने दुसऱ्या कोणासाठी तागडी उचलली आणि तिचे पारडे माझ्या तोंडासमोर येऊन हलायला लागले. पलीकडच्या माणसाचे वरचे अंग पारड्याने झाकून टाकले. दिसत होते ते कमरेखालचे: धोतर, पिशवी, चपला. मी तसाच बसून राहिलो. जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान, हा यथार्थदर्शनाचा पहिला नियम मी दरवर्षी फळ्यावर रेल्वेचे रूळ आणि विजेचे खांब काढून शिकवत आलो होतो. आईशेजारी बारदाण्यावर बसून त्या मुलीने जे पाहिले होते, ते तिने या नियमाला धरूनच काढले होते. नियम शिकवणाऱ्याने ते पुसून टाकले होते. कारण तो नेहमी उभ्याने बाजार पाहत आला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात गाठले आणि म्हणालो, “तुझं पारडं बरोबर होतं. माझंच चुकलं.” ती “बरं सर” म्हणाली आणि वर्गात गेली. आठवीत तिने चित्रकलेच्या जादा तासाला नाव दिले नाही. ते चित्र खिडकीशी तिरके धरले, तर पोस्टर कलरखाली पेन्सिल दाबून काढलेल्या मोठ्या पारड्याचा वळ अजून दिसतो.

हे मी का केले? सोपे उत्तर असे की शाळेला बक्षीस हवे होते, मुख्याध्यापकांना बातमी हवी होती आणि मला शाबासकी. ते खरेच आहे. पण स्पर्धा नसती तरी मी ते पारडे पुसले असते, कारण मीही असाच शिकलो होतो आणि मला शिकवणारेही असेच शिकले होते. आपल्याकडच्या कलाशाळा मद्रासला १८५० साली, कलकत्त्याला १८५४ साली आणि मुंबईला, आजचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ साली सुरू झाल्या. त्यांच्यावर छाप होती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या शिक्षणक्रमाची. आधी सरळ रेषा, मग वक्ररेषा, मग छापील नमुन्यांची नक्कल, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश. कारागिराचा हात वळवणे हा त्यामागचा मोठा हेतू. याच १८५७ साली, याच शिक्षणक्रमाचा कडवा विरोधक असलेल्या जॉन रस्किनने रेखाटनाच्या प्राथमिक धड्यांचे पुस्तक काढले. रेखाटन शिकायचे ते नीट पाहता यावे म्हणून, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या शाळांत पोहोचला तो शिक्षणक्रम. रस्किन पोहोचला नाही.

हात वळवण्याच्या या शिक्षणाला मी नावे ठेवणार नाही. माझ्या गावची काही मुले पुढे सोलापुरात चादरींच्या नक्षीचे आलेख काढू लागली, काही पाट्या रंगवू लागली. तो हात शाळेतच वळला होता. पण त्या पद्धतीत मुलाच्या डोळ्याला काही सांगायचे असेल, ही शक्यता धरलेलीच नाही. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन शासकीय रेखाकला परीक्षा असतात. राज्य शासन त्या घेते. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे ज्यांना पेन्सिल हातात धरायचा कंटाळा आहे अशीही मुले या परीक्षांना बसतात. त्यात एक विषय असतो स्मरणचित्र. नाव सुंदर आहे. प्रत्यक्षात आम्ही शिक्षक काय करतो? बसथांबा, बाजार, पाणवठा, खेळणारी मुले अशी पाचसहा दृश्ये बसवून घेतो. उभा माणूस, वाकलेली बाई, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, सायकलवाला, असे ठरीव आकार मुले पाठ करतात आणि प्रश्न येईल तसे मांडतात. स्मरण असते, पण ते मार्गदर्शक पुस्तकाचे असते. बाजारात रोज बसणारी मुलगी परीक्षेत पुस्तकातला बाजार काढते आणि तिला ‘अ’ श्रेणी मिळते.

मोठ्या माणसांच्याही हातून हे होते. अवनींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या आठवणींत सांगितलेला एक प्रसंग बंगाली वाचकांना ठाऊक असेल. त्यांचे शिष्य नंदलाल बोस यांनी तपश्चर्येत मग्न असलेल्या उमेचे चित्र काढून दाखवायला आणले. चित्रात रंग फार थोडा होता. अवनींद्रनाथांना ते कोरडे वाटले. उमेला थोडी सजव, थोडा रंग दे, असे त्यांनी सुचवले. शिष्य चित्र घेऊन घरी गेला आणि गुरूची झोप उडाली. नंदलालांना उमा जशी दिसली तशी त्यांनी काढली, तपश्चर्येतल्या उमेला रंग हवेत असे सांगणारा मी कोण? पहाट होताच ते शिष्याच्या घरी धावले. नंदलाल चित्राला रंग लावायच्या बेतातच होते. गुरूने त्यांना थांबवले.

या गोष्टीत गुरू चुकला, हे मला महत्त्वाचे वाटत नाही. त्याला झोप लागली नाही, हे वाटते. शिवाय त्याने नुसते सुचवले होते. मी तर खोडरबर चालवले होते आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली होती.

पश्चात्ताप झालेला माणूस बहुधा दुसऱ्या टोकाला जातो. मीही गेलो. सुटीत पुस्तके मिळवून वाचली. व्हिएन्नातल्या फ्रान्झ सिझेकने १८९७ साली मुलांसाठी मोकळा चित्रवर्ग काढला होता, हे कळले. त्याच शहरात अंध मुलांना शिकवणारा आणि पुढे अमेरिकेत गेलेला व्हिक्टर लोवेनफेल्ड भेटला. १९४७ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात मुलांच्या चित्रांवर मोठ्यांनी आपले नमुने लादण्याला ठाम विरोध होता. शांतिनिकेतनात नंदलालांकडे शिकून १९४४ साली सेवाग्रामला आलेले देवीप्रसाद यांचे लेखन वाचले. कला हा शिक्षणातला एक विषय नाही, तर शिक्षणाचा पायाच कला आहे, ही त्यांची मांडणी मनात बसली. मी ठरवून टाकले की आता कोणाच्या चित्रात हात घालायचा नाही. पुढची दोनतीन वर्षे मी वर्गात फिरत राहिलो आणि म्हणत राहिलो, “छान. छान. वा, छान.”

झाले काय? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून पुढे रुंद होत जाणारी नदी, काठावर कौलारू घर, एक नारळाचे झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र काश्मीरपासून केरळपर्यंत कोणत्या शाळेत निघत नसेल? आमच्या गावाला डोंगर नाही. सूर्य ज्वारीच्या रानातून सपाट उगवतो. नदी उन्हाळ्यात वाळूची असते आणि नारळ देवळापुढच्या दुकानात पाहायला मिळतो. तरी मोकळे सोडले की मुले हेच काढत. मला वाटले होते, आपण हात काढून घेतला की मुलाचे स्वतःचे काहीतरी वर येईल. वर आले ते आधीच्या कोणाचे तरी. मी नुसताच बाजूला झालो होतो. रिकामी झालेली जागा दोन डोंगरांनी घेतली.

त्या काळातला आठवीतला एक मुलगा आठवतो. त्याने वडिलांची सायकल काढायला घेतली होती, समोरून थोडी तिरकी. चाके त्याने बांगडी ठेवून गोल काढली होती. साहजिकच चाके एका दिशेला आणि सायकल दुसऱ्या दिशेला चालली होती. तीन वेळा त्याने पुसले, कागदाला भोक पडायची वेळ आली. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “छान आहे.” त्याने मान वर करून विचारले, “छान हाय तर मग सायकल उभी का ऱ्हाईना, सर?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते आणि ते मी तत्त्व म्हणून दडवून ठेवले होते. लोवेनफेल्डचे सोयीचे तेवढेच मी उचलले होते. याच वयाच्या उंबरठ्यावर मुलाला स्वतःलाच ‘खऱ्यासारखे’ काढायची ओढ लागते, आपल्या रेषेकडे ते परक्याच्या कठोर नजरेने पाहू लागते, हेही त्याच ग्रंथात होते. पाचव्या वर्षी ज्याला ‘छान’ पुरते, त्याला बाराव्या वर्षी ते पुरत नाही. त्यात आपल्याला टाळले जात आहे हे त्याला कळते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. गावातल्या डॉक्टरांची मुलगी शनिवारी जिल्ह्याच्या ठिकाणी चित्रकलेच्या क्लासला जात असे. तिला लंबवर्तुळ तिथे मिळत होते. सायकलवाल्या मुलाला ते मिळण्याची जागा एकच होती, माझा आठवड्यातला तास. माझ्या मोकळेपणाची किंमत ज्यांना दुसरा मास्तर नव्हता त्यांनी मोजली. त्या दोनतीन वर्षांत किती मुलांनी मनाशी ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून वही मिटली असेल, ते मला मोजता येणार नाही.

त्या दिवशी मी पोषण आहाराचे एक ताट आणायला सांगितले. ते डोळ्यांसमोर उभे धरले आणि हळूहळू फिरवले. गोल चेपत गेला, लांबट झाला, शेवटी नुसती एक पट्टी उरली. मुलगा म्हणाला, “गोल गेला कुठं?” मी म्हटले, “ताटात आहे. आपल्याला दिसेना झालाय.” मग आम्ही दोघे शाळेच्या सायकल तळावर गेलो आणि तो बसला होता तिथे मी बसलो.

तर प्रश्न असा आहे. मुलाच्या चित्रात हात घालणे अन्याय आहे, आणि हात न घालणे हाही अन्याय आहे. मग शिक्षकाने करायचे काय? मध्यम मार्ग, थोडे घालावे थोडे सोडावे, असे उत्तर देता येते. पण ते उत्तर नाही. थोडा अन्याय करावा एवढाच त्याचा अर्थ होतो. कोणता हात चालतो आणि कोणता चालत नाही, हे ठरवायला हवे.

माझे एक मित्र मूळचे पेणचे, गणपतीच्या कारखान्यात वाढलेले. ते माझ्यावर हसले. त्यांचे म्हणणे, “आमच्याकडे पोराने काम केलं की उस्ताद त्यावर हात फिरवणारच. पोरगा माती कालवतो, साच्यातून काढतो, अंगरंग देतो. डोळ्यांची आखणी मात्र जाणता माणूस करतो. पोराला कधी वाटत नाही की माझी मूर्ती हिसकावली.” हा आक्षेप मला बरेच दिवस सुटला नाही. गुरूचा हात शिष्याच्या कामावरून फिरणे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. मग शाळेत तीच गोष्ट वाईट कशी?

फरक नावाचा आहे. कारखान्यातली मूर्ती कोणा एकाची नसते. ती कारखान्याची असते, आणि घरी नेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. तिथे कोणी कोणाला फसवत नाही. शाळेतल्या चित्रामागे मात्र एका मुलाचे नाव आणि हजेरी क्रमांक असतो. ते नाव म्हणते, हे मी पाहिले आणि मला असे दिसले. म्हणजे ते चित्र एक साक्ष असते. साक्षीदाराला काय बोलायचे ते पढवून, कागद स्वतः लिहून, खाली त्याचा अंगठा घेणाऱ्याला आपण काय म्हणतो? त्या मुलीच्या नावावर मी माझा बाजार नोंदवला होता. “ते तुमचं हाय” हे तिचे वाक्य विनय नव्हता. खोट्या कागदावर अंगठा द्यायला तिने नकार दिला होता.

चित्राला साक्ष मानले की दुसरी बाजूही उलगडते. ज्याला भाषा येत नाही त्याची साक्ष कोण ऐकणार? सायकलवाल्या मुलाला काय दिसते ते ठाऊक होते, म्हणूनच तो पुसत होता. पण ते सांगायला त्याच्याकडे रेषा नव्हती. त्याला ‘छान’ म्हणणे म्हणजे बोलण्यासाठी धडपडणाऱ्याला ‘कळलं, कळलं’ म्हणून गप्प बसवणे. लंबवर्तुळ, क्षितिजरेषा, जवळचे आणि लांबचे प्रमाण, एका रंगात दुसरा मिसळला की काय होते, ही सगळी साक्षीची भाषा आहे. ती देणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. तिच्यात काय सांगायचे ते ठरवणे त्याचे काम नाही. साक्ष बदलू नये हे पहिले कर्तव्य आणि साक्षीला भाषा द्यावी हे दुसरे, अशी मांडणी केली की मला दिसणारा विरोध पुष्कळसा मावळतो.

मराठीत ‘गिरवणे’ असा एक शब्द आहे. धूळपाटीवर किंवा वहीत मास्तर अक्षर काढून देत आणि मूल त्यावरून हात फिरवी. आधुनिक कलाशिक्षणात गिरवणे बदनाम आहे, पण त्याची दिशा पाहा. गिरवताना मुलाचा हात मास्तरांच्या रेषेवरून जातो. रेषा मास्तरांची आहे हे दोघांनाही माहीत असते. आज ती गिरवली म्हणून उद्या मूल तिच्यासारखेच लिहील असेही नाही. आपल्या प्रत्येकाचे अक्षर वेगळे आहे आणि आपण सगळेच गिरवून शिकलो. दुरुस्तीत उलटे होते. मास्तरांची रेषा मुलाच्या रेषेवरून जाते आणि खालची रेषा नाहीशी होते. गिरवण्यात मूल काही घेते. दुरुस्तीत ते काही गमावते. शेजारी बसून आजीची रांगोळी पाहत आपली वेगळी काढणाऱ्या मुलीला आजीने किती शिकवले तरी तिची रांगोळी तिचीच राहते. आजीने तिच्या रांगोळीवर हात फिरवला की ती दोघींपैकी कोणाचीच राहत नाही.

यावर म्हणता येईल की निबंधही आम्ही लाल शाईने तपासतो, त्यात काय एवढे? लाल शाई मला चालेल. ती लाल असते, मुलाचे अक्षर तिच्याखाली वाचता येते आणि कोणी काय लिहिले हे शेवटपर्यंत कळते. खोडरबराला रंग नसतो. भीती आहे ती त्याची.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लंबवर्तुळ दाखवल्यावर त्या मुलाचे पाहणेही बदललेच ना? मग मी कागदाला हात लावला नाही हे समाधान फसवे नाही का? भाषा देणारा दृष्टीही देतो. समोरच्या वस्तूकडे एका ठिकाणी बसून, एका डोळ्याने पाहावे, हा दृष्टीचा एक प्रकार झाला; आपल्या लघुचित्रांत किंवा वारली भिंतींवर जग असे पाहिलेले नाही, आणि त्यात काही कमी आहे असेही नाही. हे मी मान्य करतो. सिझेकच्या मोकळ्या वर्गातली जपून ठेवलेली चित्रे पाहिली, तरी ती एकमेकांसारखी, एकाच घरातल्या भावंडांसारखी दिसतात. मुक्त वर्गातही शिक्षकाची आवड हवेसारखी पसरलेली असते. प्रभावाशिवाय शिकवणे नसते. म्हणून मी प्रभाव मोजत नाही, मुलाला नकाराची जागा उरली की नाही, ते पाहतो. ताट फिरवून दाखवल्यावरही “मला चाक गोलच काढायचंय” असे त्याला म्हणता आले पाहिजे आणि त्यासाठी त्याचा गुण जाता कामा नये. पुसलेल्या पारड्याला नकार देता येत नाही. ती मुलगी नाही म्हणू शकली तेव्हा चित्र होऊन गेले होते, बक्षीसही मिळून गेले होते.

यातून माझ्यापुरते मी काही नेम केले आणि निवृत्त होईपर्यंत पाळले. मुलाच्या कागदाला पेन्सिल लावायची नाही. दाखवायचे ते आपल्या कागदावर, शेजारी, आणि दाखवून झाले की तो कागद उलटा करून ठेवायचा. बोट चित्राकडे दाखवण्याआधी वस्तूकडे दाखवायचे. ‘हे चुकलं’ म्हणण्याआधी ‘तू कुठून पाहिलंस?’ असे विचारायचे आणि जमेल तेव्हा तिथे जाऊन बसायचे. हे नेम दरवेळी जमले असे नाही. चाळीस मिनिटांचा तास, पन्नासपंचावन्न मुले आणि परीक्षेचा मोसम असला की हात आपोआप खोडरबराकडे जायचा. बक्षिसे मात्र कमी झाली, हे कबूल केले पाहिजे. मुख्याध्यापकांनी एकदोनदा कारण विचारले. मी खरे कारण सांगितले नाही.

आता अशा शिक्षकांची संख्याच आटते आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षक सांगितला आहे. पण तो अंशकालीन, आणि त्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असली तरच. लहान गावच्या लहान शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग, किंवा ज्या शिक्षकाचा तास रिकामा असेल त्याची ड्युटी. त्या शिक्षकाला माझे म्हणणे वाटेल की हे पोट भरलेल्यांचे प्रश्न आहेत. मला तसे वाटत नाही. मुलाला सगळ्या विषयांत आधी ठरलेली उत्तरे द्यायची असतात. ‘तुला काय दिसलं?’ हा प्रश्न, ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला खरोखरच माहीत नसते, शाळेत कुठेतरी एकदा तरी विचारला गेला पाहिजे. तो विचारायला डिप्लोमा लागत नाही. उत्तर आल्यावर ते पुसू नये, एवढे मात्र पाळावे लागते.

म्हणून चित्रकलेच्या तासाला ज्याला कोणाला पाठवले जाईल, त्याला माझी एकच विनंती आहे. मुलांचे कागद वाटून झाले की एक कोरा कागद स्वतःसाठी ठेवावा. काही दाखवावेसे वाटले, तर ते त्यावर काढावे.